वाचतानाच घाम फोडणाऱ्या महोदयांस

डभोई, जि. वडोदरा

परमआदरणीय, विद्वद्वर, आरोग्यपत्रककर्ते महोदय यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, यंदाच्या गणेशोत्सवातल्या आरोग्य शिबिरात आपण रचलेले ‘नियमित व्यायाम : निरामय जीवनाची गुरुकिल्ली’ हे पत्रक आमच्या हाती पडले. वजन झाले, रक्तदाब झाला, बोटाला टोचून साखर पाहून झाली आणि बाहेर पडता पडता एका स्वयंसेवक मुलीने प्रत्येकाच्या हातावर एक पत्रक ठेवले, वर दोन पेढे. पेढे मांडवातच संपले. पत्रक अजून चालू आहे.

(साखर तपासून झाल्यावर पेढे वाटण्याची कल्पना आपली नसावी. ती समजायला फारच सोपी आहे.)

पत्रकावर आपले नाव नाही. मुद्रकाचे आहे, सौजन्यवाल्यांची आहेत, मागच्या पानावर सौजन्यवाल्यांच्या दुकानांचा नकाशाही आहे. पण ज्यांनी ही अक्षरे जुळवली ते मात्र पडद्याआड. एवढी नम्रता हल्ली दिसत नाही. पत्ता ठाऊक नसल्यामुळे हे पत्र नाइलाजाने चारचौघांत वाचावे लागते आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी रूपाचे कौतुक करतो. गुळगुळीत आर्ट पेपर, तीन घड्या. हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरे आणि अक्षरांच्या मागे एका धावणाऱ्या माणसाचे फिकट चित्र, त्यामुळे ‘रक्तदाब’ हा शब्द नेमका त्याच्या गुडघ्यात अडकला आहे. टंक लग्नपत्रिकेतला. वेलांट्यांना शेंडे, मात्रांना झुपके, अनुस्वाराच्या जागी फूल. ‘हृदय’ हा शब्द तर इतका नटला आहे की ज्यांना त्याचा विकार आहे त्यांनाही तो ओळखता आला नाही. ट्यूबलाइटखाली धरले की कागद चकाकतो आणि खिडकीशी नेले की अक्षरे पार्श्वभूमीत विरघळतात. वाचण्याची योग्य जागा शोधत घरभर फिरावे लागते. एवढे चालणे आपण आमच्याकडून करवून घेतलेत हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

आपण भाषाभेदही केला नाहीत. गायकवाडांच्या काळापासून इथे राहिलेल्या आम्हा मराठी घरांसाठी मराठी पत्रक, शेजाऱ्यांसाठी गुजराती. शेजारच्या काकांनी त्यांचे दाखवले. दोन्ही तंतोतंत सारखीच अगम्य. राष्ट्रीय एकात्मतेसाठी याहून वेगळे काय करायचे असते?

आता मजकुराकडे वळू. आमच्या थोरल्या वहिनी सत्तरीच्या घरात आहेत. गुडघे बोलतात, साखर काठावर आहे. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना प्रेमाने सांगितले होते, ‘आजी, थोडं चालत जा. या कागदावर सगळं लिहिलंय.’ वहिनींनी घरी येऊन चष्मा लावला, हात लांब करून कागद धरला आणि मोठ्याने वाचायला घेतले : ‘अठरा वर्षांवरील प्रौढ व्यक्तींनी प्रतिसप्ताह किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची अथवा ७५ ते १५० मिनिटे उच्च तीव्रतेची वायुजीवी शारीरिक क्रियाशीलता, अथवा उभय प्रकारांचे समतुल्य संयोजन, अंगीकारणे अभिप्रेत आहे.’

‘संयोजन’पर्यंत त्या नेटाने आल्या. तिथे चष्मा काढला. म्हणाल्या, ‘हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही बाई. हे तरण्या पोरांचं काम.’

महोदय, त्या वाक्यात एवढेच होते की रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, जरा भरभर चाला. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढीच ती ‘मध्यम तीव्रता’. वहिनी सकाळी देवळात जातात, संध्याकाळी भाजीला जातात. म्हणजे अर्धे काम त्या आधीच करत होत्या. त्यांना फक्त थोडे पाय उचलायला सांगायचे होते. आपण त्यांना त्या अठरा वर्षांवरील प्रौढ व्यक्ती असल्याची जाणीव करून दिलीत आणि त्या पलंगावर बसल्या.

हे आपण अजाणता केले असेल असे मला क्षणभरही वाटत नाही. आपला व्यासंग मोठा. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ह्यूनजिन साँग आणि नॉर्बर्ट श्वार्झ या दोघांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपण नक्कीच वाचला असणार. त्यांनी विद्यार्थ्यांना मानेच्या व्यायामाची एक साधी कृती वाचायला दिली. हनुवटी छातीला टेकवा, मग जमेल तेवढी वर उचला. डावा कान डाव्या खांद्याकडे, उजवा उजव्या खांद्याकडे. सहा ते दहा वेळा. मजकूर सर्वांना तोच, शब्द तेच. फरक एवढाच की काहींना तो एरियल या साध्या, सुटसुटीत टंकात छापून दिला आणि काहींना ब्रश नावाच्या वळणदार, कुंचल्याने लिहिल्यासारख्या टंकात. नंतर विचारले, याला किती वेळ लागेल?

साध्या टंकात वाचणाऱ्यांनी सरासरी ८.२ मिनिटे सांगितली. वळणदार टंकात वाचणाऱ्यांनी १५.१ मिनिटे. मान तीच, खांदे तेच, कान जिथल्या तिथे. नुसती अक्षरे वाकडी झाल्याबरोबर व्यायाम जवळजवळ दुप्पट लांबला! आणि साधे वाचणाऱ्यांची हा व्यायाम रोज करण्याची तयारीही जास्त दिसली. वाचताना डोळ्यांना जो त्रास होतो, तो कागदाचा आहे हे माणसाच्या ध्यानात येत नाही. तो त्या त्रासाचे बिल व्यायामाच्या नावावर फाडतो.

त्याच जोडीने पुढे एका जपानी पदार्थाची पाककृती दोन टंकांत छापून पाहिली, तिथेही तेच. अवघड अक्षरातला पदार्थ करायला लोकांना जास्त वेळ लागेल असे वाटले आणि त्यासाठी जास्त कौशल्य लागेल असेही. प्रयोग छोटे होते, विद्यार्थी मूठभर होते आणि ‘करीन’ म्हणणे व करणे यांच्यात अर्धे आयुष्य जाते, हे मीही जाणतो. त्यावर कुणी इमले बांधू नयेत. पण प्रयोगशाळेत मूठभरांवर जे जेमतेम दिसले ते आपण एका मांडवात शेकडोंवर करून दाखवलेत, तेही अनुदानाशिवाय. त्या बिचाऱ्यांनी फक्त टंक बदलला होता. आपण टंक, रंग, कागद, वाक्य आणि शब्द हे पाचही एकदम बदललेत. वहिनींना त्यातून किती मिनिटांचा अंदाज आला असेल? मी विचारले. ‘जन्मभर’ म्हणाल्या.

आकृत्यांबद्दल आभार मानायचे राहू नयेत. ‘खालील अवस्थेत स्थिर राहून आकृती ३ प्रमाणे पार्श्वस्नायूंचे आकुंचन-प्रसरण करावे.’ आकृती १ आहे. आकृती २ आहे. आकृती ३ च्या जागी एका सौजन्यवाल्याची गाद्यांची जाहिरात आहे. घरातल्या शाळकरी नातवाने ती सूचना तंतोतंत पाळली आणि गादीवर आडवा झाला. आपल्या पत्रकाबरहुकूम कृती करणारा माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस.

आणि संपूर्ण पत्रकात ठळक, काळ्या, सरळ, मोठ्या टंकात छापलेली एकच ओळ आहे : ‘कोणताही व्यायाम वैद्यकीय सल्ल्याशिवाय सुरू करू नये.’ ती मात्र सगळ्यांना एका दमात वाचता आली. सगळ्यांनी ती पाळलीसुद्धा. सल्ला कुणी घेतला नाही आणि व्यायाम कुणी सुरू केला नाही. छातीत दुखणाऱ्याने, चक्कर येणाऱ्याने, शस्त्रक्रिया झालेल्याने आधी डॉक्टरांना विचारावे, यात वाद नाही. पण बाजारापर्यंत चालत जाण्यासाठी मंजुरी लागते असे ज्या कागदातून डोक्यात शिरते, तो कागद आरोग्य खात्याचा की नगररचना खात्याचा?

आता ज्या गोष्टीसाठी मुद्दाम लेखणी उचलली ती. आपल्या धाडसाला माझा दंडवत आहे, कारण हे पत्रक आपण दुसऱ्या कुठल्या गावी नाही, डभोईत वाटलेत.

डभोईची लोकांना काय काय ओळख असते! कुणाला हिरा भागोळ ही वेस आणि तिची नक्षी, कुणाला १७३१ च्या एप्रिलमध्ये पहिल्या बाजीरावाने त्रिंबकराव दाभाड्यांना इथे गाठले ती लढाई, कुणाला गायकवाडांची नॅरोगेज, जिच्या गाड्या १८६२ साली सुरू झाल्या तेव्हा बैल ओढत असत. गुजराती शेजारी कवी दयारामांचे नाव घेतात. पण आपल्या विषयातला माणूसही इथलाच, हे आपणाला कुणी सांगितले नसावे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी याच डभोईत जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणू लागले.

बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली ते तयार झाले, १९०७ ते १९१० या काळात. नंतर नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. मालसर इथून काही लांब नाही. मधल्या काळात अमळनेरला शिक्षक होते, आणि मला वाटते खरी गंमत तिथे आहे. मास्तराची सवय अंगात मुरलेली. आपल्याला आले म्हणजे समोरच्याला आले, असे मास्तर कधी समजत नाही. तो फळ्यापासून मागे जातो आणि शेवटच्या बाकावरून दिसते का ते बघतो.

उड्डियान आणि नौली या यौगिक क्रिया करताना पोटात नेमके काय होते हे पाहायला त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात प्रयोग केले, क्ष-किरणांची मदत घेतली. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. आता महोदय, खुर्ची घट्ट धरा. त्या त्रैमासिकात शास्त्रीय विभाग वेगळा होता, अर्धशास्त्रीय वेगळा आणि सामान्य वाचकासाठीचा सोपा विभाग वेगळा! प्रयोगाचे आकडे ज्याला हवेत त्याने ते पान उघडावे, ज्याला फक्त आसन कसे करायचे ते हवे त्याने हे. दोघांना एकमेकांच्या पानावर ठेचकाळायला लावायचे नाही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. तेव्हा ना संगणक होता, ना तीन हजार टंक, ना हिरव्यावर पिवळे छापण्याची सोय.

त्यांच्या ‘आसने’ या पुस्तकात छायाचित्रे आहेत, कुणाचा पाय कुठे जातो ते दिसते. ज्याला पूर्ण क्रम झेपत नाही त्याच्यासाठी छोटा क्रम आहे. शाळेतल्या पोरांना एकदम, रांगेत, ओळीने करता यावेत म्हणून त्यांनी यौगिक संघव्यायामाचा पाठही बसवला. १९६६ मध्ये ते गेले. मला राहून राहून वाटते, आपले पत्रक त्यांच्या हाती पडले असते तर त्यांनी ते क्ष-किरणांखाली धरले असते. आत काही आहे का, ते बघायला.

शेजारच्या बडोद्याचेच आणखी एक उदाहरण देऊन आपला वेळ खातो. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी तिथे मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. दहा खंड, १९३६ ते १९४९. व्यायामावरची सगळी माहिती द्यायची तर दहा खंड लागतात, हे त्या गृहस्थांना कळले होते आणि म्हणून त्यांनी दहा खंड काढले. आपण तेवढीच माहिती तीन घड्यांत बसवायचे मनावर घेतलेत. ‘चयापचय’, ‘प्राणवायू-ग्रहणक्षमता’, ‘अस्थिघनता’, ‘मनोसामाजिक स्वास्थ्य’, सगळे आले. फक्त चालायला कधी आणि कुठे निघायचे, त्याला जागा उरली नाही.

औंधच्या पंतप्रतिनिधींचे तर बोलूच नये. भवानराव पडले राजे. त्यांना अवघड बोलण्याची मुभा जन्मजात होती. त्यांनी सूर्यनमस्काराचा एक एक टप्पा चित्रांनिशी समजावून सांगितला आणि संस्थानच्या शाळांतून मुलांकडून घालून घेतला. १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले, त्याच्या नावातच ‘दहा टप्पे’ होते. दहापर्यंत मोजता आले की सूर्यनमस्कार येतो, एवढे सोपे करून ठेवले राजाने! राजेपण शोभले नाही हो त्यांना. आपणाला शोभते.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्या १५० ते ३०० आणि ७५ ते १५० च्या त्रैराशिकाने वहिनी जिथे थांबल्या, तिथे आमचे शेजारी काका मात्र रोज चालतात. त्यांच्या फोनने त्यांना एकच आकडा सांगितला आहे, दहा हजार पावले. तो आकडा कुठल्या वैद्यकपरिषदेने ठरवलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये यामासा नावाच्या कंपनीने पावले मोजायचे एक यंत्र विकायला काढले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते. म्हणजे जाहिरातीतला आकडा. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ४४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरेच खाली दिसले आणि साधारण ७५०० च्या पुढे त्यात फारशी भर पडेना. वहिनींच्या वयाच्याच या बायका. त्यांच्या कामाचा आकडा दहा हजाराच्या निम्म्याहूनही कमी होता. तो आपल्या पत्रकात नाही. काकांच्या फोनवरचा आकडा विज्ञानात कच्चा आहे, पण तोंडात बसतो. म्हणून काका चालतात.

इथे मला आपल्या कार्याची खरी थोरवी जाणवते. आपण एकटे काम करत नाही. वडोदरी भागोळेकडे जाताना एक फलक लागतो. पांढऱ्यावर काळी, हातभर उंचीची अक्षरे : ‘३० दिवसांत १० किलो कमी. व्यायाम नको. पथ्य नको.’ खाली पावडरीचा डबा आणि फोन नंबर. माझा नातू तो फलक रिक्षातून जाता जाता वाचतो. वहिनीही चष्म्याशिवाय वाचतात. त्यात एक जोडाक्षर अडत नाही, एक वाक्य वळत नाही. आणि खोटे असे इतके सरळ लिहिलेले असले की ते खरे वाटू लागते, कारण जे डोळ्यांतून सहज आत जाते त्याला मन दारात अडवत नाही. साँग आणि श्वार्झ यांनी हेही पाहिले होते. अन्नात घालायच्या पदार्थांची काही बनावट नावे लोकांपुढे ठेवली, तर ज्यांचा उच्चार जमेना ते पदार्थ लोकांना जास्त घातक वाटले. नुसत्या नावावरून! आता विचार करा, एकीकडे ‘उभय प्रकारांचे समतुल्य संयोजन’ आणि दुसरीकडे ‘व्यायाम नको, पथ्य नको’. सामान्य माणसाला यातले औषध कोणते वाटेल आणि विष कोणते?

त्या पावडरवाल्याने आपणाला दिवाळीची मिठाई पाठवायला हवी. पाठवत नसेल तर तो कृतघ्न आहे.

सबब एक नम्र सूचना आहे. याच दोन संशोधकांनी लोकांना आणखी एक प्रश्न विचारून पाहिला : मोझेसने आपल्या नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? बायबलमधली ती नौका नोहाची, मोझेसचा तिच्याशी संबंध नाही. पण प्रश्न सुबक अक्षरात छापला की बहुतेक लोक बिनदिक्कत ‘दोन’ म्हणून मोकळे होतात. तोच प्रश्न वाचायला कठीण अशा टंकात दिला की बऱ्याच जणांना खोट सापडते, कारण डोळे अडखळले की डोके जागे होते. तेव्हा महोदय, आपली लेखणी चुकीच्या बाजूला काम करते आहे. ती कृपा करून पावडरवाल्याला उसनी द्या. त्याचा फलक हिरव्यावर पिवळ्यात करा, ‘तीस दिवसांत’च्या जागी ‘त्रिंशद्दिनात्मक कालमर्यादेत’ लिहा, अनुस्वारावर फुले ठेवा, डब्याच्या जागी गादी टाका. लोक थांबतील, दोनदा वाचतील, शंका घेतील. डभोईकर आपले जन्मभर उपकार मानतील.

आपल्या यशाचा व्याप पाहून मात्र छाती दडपते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. हे सारे श्रेय एकट्या पत्रककारांना देणे अन्यायाचे होईल. त्यात मे महिन्यातल्या उन्हाचा वाटा आहे, फुटपाथवर उभ्या मोटरसायकलींचा आहे, रस्त्यात बसलेल्या गायींचा आहे आणि सकाळचा चहा, डबे, पाणी, धुणे आटोपेपर्यंत ऊन डोक्यावर येते त्या घड्याळाचाही आहे. बायकांचे १५ टक्के जास्त कुठून येतात हे शोधायला क्ष-किरण लागत नाहीत. पण आपल्या पत्रकात ऊन नाही, गाय नाही, धुणे नाही. त्यातला धावणारा माणूस बर्फाळ डोंगराजवळच्या रस्त्यावर एकटा धावतो आहे, पायात पांढरे बूट आहेत, आणि त्याच्या घरी कुणीतरी चहा करते आहे.

मी म्हणतो, अक्षर सोपे केले म्हणून रस्ता सोपा होत नाही. ते काम नगरपालिकेचे आणि घरच्यांचे. पण जिला घरातून निघायलाच भीती वाटते तिच्यापुढे आधी कागदाचा डोंगर तरी उभा करू नये, एवढे तरी आपल्या हातात होते.

आपला बहुमोल वेळ वाचावा म्हणून आम्ही काही रिकामटेकड्यांनी पुढच्या शिबिरासाठी एक नमुना तयार केला आहे. पांढरा कागद, काळी शाई, टंक शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्यासारखा सरळ, अक्षर वहिनींना हात न ताणता दिसेल एवढे. तो खाली देतो. आपल्या संस्कारित नजरेला क्लेश होतील, सांभाळून घ्यावे.

रोज चाला. अर्धा तास. आठवड्यात पाच दिवस.
एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे, तीन वेळा.
चालताना गप्पा मारता याव्यात, गाणे म्हणता येऊ नये, इतपत भरभर.
ऊन वाढण्याआधी निघा. बाजारातून हिरा भागोळेपर्यंत जा आणि परत या.
गुडघे दुखत असतील तर हळू चाला, पण चाला.
छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.
पुरुष मंडळींनी सकाळचा चहा आपला आपण करावा, म्हणजे घरातल्या बायकांना निघता येईल.

शेवटची ओळ वहिनींनी घातली. ती कुठल्या मार्गदर्शक तत्त्वांत बसते मला माहीत नाही, पण गणेश मंडळाच्या बैठकीत ती काढून टाकायचा ठराव आला तेव्हा अनुमोदन द्यायला कुणी उभे राहिले नाही. बहुतेकांच्या बायका मागच्या खुर्च्यांवर होत्या.

आपण या नमुन्यावर आपला अभिप्राय कळवावा, परंतु कृपया लेखी कळवू नये. प्रत्यक्ष या. बोलून सांगा. आपण बोलता तेव्हा साधेच बोलत असाल, अशी आमची समजूत आहे. घरी मुलाला ‘प्रतिसप्ताह क्रियाशीलता अंगीकार’ असे कोण म्हणते? आपणही ‘ऊठ, खेळायला जा’ असेच म्हणत असणार. तेवढेच छापून द्यायचे होते.

कळावे, लोभ आहे तो कमी व्हावा ही विनंती.

आपला नम्र,
अठरा वर्षांवरील एक प्रौढ व्यक्ती

ता. क. : नव्या पत्रकाची छपाई एकरंगी असल्यामुळे जुन्याच्या मानाने बरीच स्वस्त पडली. वाचलेल्या पैशांतून पेढ्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे वाटावेत असे ठरते आहे. सौजन्यवाल्यांपैकी गादीवाले नाराज आहेत. त्यांची समजूत आपण काढावी, आकृती ३ चे त्यांच्याशी काय ठरले होते ते आम्हाला ठाऊक नाही.